न शेकलेलं पोलाद

गोरखने पोतं टेबलावर उलटं केलं आणि लोखंडाचा खळखळाट झाला. हाफिजने घासाईचं बफचं चाक बंद केलं, हातमोजे काढले आणि नेहमीप्रमाणे भाव सांगण्याआधी माल चाचपायला घेतला. टॅपेट कव्हर, एअर क्लीनरचं गोल झाकण, रेडिएटरचं टोपण, डिपस्टिक, दोन पितळी नळ्या. सगळ्यावर जुनं क्रोम होतं. कुठे पापुद्रे सुटले होते, कुठे खालून गंज वर आला होता.

"इंजिन कसं लखलखाय पायजे, चाचा," गोरख म्हणाला. "पन भाव बेताचा लावा. पुन्यात इचारलं तर त्यांनी आख्ख्या गाडीचीच किंमत सांगितली."

हाफिज हसला. भोरच्या एस.टी. स्टँडमागे त्याचं क्रोम-पॉलिशचं पत्र्याचं शेड होतं, आणि तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हे वाक्य बोलूनच आत पाऊल टाकत असे. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. क्रोमला पैसे लागत नाहीत, घासाईला लागतात. जुना थर उतरवायचा, खड्डे घासून काढायचे, मग तांबं चढवायचं, मग निकेल, आणि सगळ्यात शेवटी क्रोम. ते तर तोंडाला लावायच्या पावडरीइतकं पातळ. पण लोकांना शेवटचं तेवढं दिसतं, म्हणून ते त्याचेच पैसे मोजतात.

"दिसतं तेवढंच घासू," तो म्हणाला. "आतली बाजू सोडून देऊ. तिकडं कोन बघतंय? भाव आपोआप खाली येतो."

बोलता बोलता त्याने टॅपेट कव्हर दाराशी उजेडात नेलं आणि तिरपं धरलं. सुटलेल्या पापुद्र्याखाली जुन्या घासाईच्या बारीक रेषा दिसत होत्या. त्या उजवीकडून डावीकडे उतरत गेल्या होत्या. हाफिज डावखुरा होता. भोरपासून पुण्यापर्यंत बफवर बसणारे जेवढे लोक त्याला माहीत होते, त्यांत डावखुरा तो एकटाच. माणसाला स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागत नाही.

"कंची गाडी हाय?" त्याने विचारलं.

"मॉरिस. काळी. पानशेतला बंगला व्हता बगा त्या वकीलसायबांचा, त्यांची. माझे वडील ड्रायव्हर व्हते तिच्यावर."

"नाव काय वडलांचं?"

"सावळाराम."

हाफिजने कव्हर खाली ठेवलं. हळूच ठेवलं, तरी ते जरा वाजलं आणि तेवढ्यानेही तो दचकला. आता त्याने पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. एकवीस-बावीसचा असेल. रुंद कपाळ, बोलताना मान एका बाजूला टाकायची लकब. पंधरा वर्षांपूर्वी याच टेबलापाशी असाच मान टाकून एक माणूस उभा होता आणि म्हणत होता, मिस्त्री, काय बी करा, पन आजच द्या.

"शिवऱ्याला हायवेवर माझं गॅरेज हाय," गोरख सांगत होता. "वकीलसायेब वारले, पोरांनी बंगला विकला. मागं शेडात गाडी कुजत पडलेली. भंगारात देनार व्हते. म्या म्हनलं, मला द्या. तीन वर्सं झाली, रोज सांजचं तासभर तिच्यापाशी बसतो."

"पन कशाला, बाळा? ज्या गाडीनं बाप खाल्ला..."

"आई पन हेच म्हनती." गोरखने पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली आणि पुन्हा सोडली. "गाडी आनल्यापास्नं माझ्याशी बोलत न्हाई ती. घरी गेलो तर आत निघून जाती. तिचं म्हननं, गाडीनं न्हाई, दारूनं मारलं."

ही गोष्ट आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होती, हाफिजलाही होती. सावळाराम आधी प्यायचा. मग एका दसऱ्याला सहा वर्षांच्या गोरखच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली की पुन्हा तोंडाला लावणार नाही. चार महिन्यांनी तो साहेबांच्या बाटल्या पोचवायला पानशेतच्या बंगल्याकडे निघाला, आणि पाबे घाटाच्या उतारावर गाडी खाली गेली. बाटल्या फुटल्या. पंचनाम्याला आलेल्यांना मयताच्या अंगाला दारूचा वास आला. ड्रायव्हर प्यायलेला होता असं वकीलसाहेबांनी लिहून दिलं आणि विषय मिटला. पुढच्याच महिन्यात गोरखला विषमज्वर झाला आणि पोर हातचं जायची वेळ आली. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ज्याचं डोकं त्याला ते भोवतं, हे कळायला गोरखच्या आईला, साळूबाईला, कुणा जाणत्याकडे जावं लागलं नाही.

"बाटल्या सायबांच्याच व्हत्या," गोरख म्हणाला. "फुटल्यावर वास येनारच की. आईला लाख येळा सांगितलं. ती म्हनती, पुरावा दाव. तर हे बगा."

त्याने खिशातून एक पुडी काढून उलगडली. आत बोटाएवढा बोल्ट होता, मधोमध तुटलेला.

"इंजिन उतरवलं तवा गाडीच्या अंगात अडकलेला घावला. स्टिअरिंगचा डबा धरनाऱ्या तिघातला ह्यो एक. खाली आपटून तुटला असता तर वाकला असता, ताणला असता. ह्यो बगा कसा तुटलाय. सरळ. खडीसाखर तुटावी तसा. म्हंजी आदी ह्यो गेला, मग गाडी गेली. पन चांगलं पोलाद असं कसं तुटंल? तुमी धातूतले जानकार, तुमीच सांगा."

हाफिजने बोल्ट तळहातावर घेतला. बाकी सगळ्या सामानाचं क्रोम उडालं होतं, पण या बोल्टवरचं तसंच्या तसं होतं. काम उत्तम झालं होतं. ते पाहून त्याला स्वतःची शिसारी आली.

"लोखंड हाय, बाबा," तो म्हणाला. "तुटतं कदी कदी."

गोरखला यापेक्षा काहीतरी जास्त ऐकायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने तुकडे पुन्हा पुडीत बांधले आणि दुसऱ्या खिशातून तीन नवे काळे बोल्ट काढून टेबलावर ठेवले. "मग ह्ये बी घ्या. बॉनेट उघडलं की पैलं ह्येच दिसत्यात."

"पोलाद म्या घेत न्हाई."

"तीनच तर हायेत चाचा. वरचे पैसे देतो."

"न्हाई म्हनलं ना!"

आवाज इतका चढला की शेजारच्या पंक्चरवाल्याने डोकावून पाहिलं. हाफिजने टेबलावरचे बोल्ट गोळा करून पोराच्या हातात कोंबले. "काळेच राहू देत ते. तेल लावून बशिव. बाकीचा माल अमुशेला घिऊन जा."

"अमुशेला?"

"त्या दिवशी तू काय इंजिन उघडत नसशील. मोकळाच असशील."

गोरखला हसू आलं, कारण ते खरं होतं. हायवेवरचा कुठलाच मेकॅनिक अमावास्येला इंजिनाला हात लावत नाही.

घरी गुलजारबी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. नवरा भर दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झालेला पाहून तिने विचारलं, आणि त्याने दोन वाक्यांत सांगितलं. ती सूप पाखडत राहिली.

"त्यो मानूस एकदाच मेला," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तुमी त्याला किती येळा मारनार? येक तर सांगून टाका, न्हाई तर गप झोपा. हे मधलंच काय लावलंय पंधरा वर्सं?"

तिला सगळं माहीत होतं. माहीत असणारी ती एकटीच होती.

कडक पोलाद क्रोमच्या पाण्यात सोडून वीज चालू केली की थर वर बसतो आणि त्याच वेळी पाण्यातून सुटणारा वायू आत शिरतो. वरून काही कळत नाही, उलट माल कधी नव्हे इतका देखणा दिसतो. तो वायू घालवायचा तर पाण्यातून काढल्यावर तास-दोन तासांत शेक द्यावा लागतो, मंद आणि सारखा, चार-पाच तास. नाही दिला तर पोलाद काचेसारखं होतं. आवळल्या आवळल्या ते तुटत नाही. एक दिवस, दोन दिवस धरून राहतं आणि मग एकदम जातं. पुण्यातल्या उस्तादाने हे हाफिजला थोबाडीत देऊन शिकवलं होतं. मोठ्या कारखान्यांत यासाठी विजेच्या भट्ट्या असतात. हाफिजकडे मामेभाऊ फुरकानची बेकरी होती. पहाटेचा पाव निघाला की तिथल्या विटांच्या भट्टीत नेमका हवा तेवढाच शेक उरायचा. ट्रेमध्ये बोल्ट मांडायचे, दार लावायचं आणि दुपारी काढायचे. भोरचं क्रोम पुण्याच्या निम्म्या भावात व्हायचं, त्यातली खरी गोम ही होती. भट्टीचे पैसे पाव खाणाऱ्यांनी आधीच भरलेले असायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत फुरकानचे वडील वारले. घरात मयत झाली की त्यांच्यात तीन दिवस चूल पेटत नाही, आणि बेकरीची भट्टी ही त्या घराची चूलच. निरोप आला तेव्हा सावळारामचे बोल्ट नुकतेच पाण्यातून काढले होते. दुपारी सावळाराम स्वतः आला. साहेबांना चार दिवसांनी गाडी पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात मिरवायची होती. हाफिज म्हणू शकला असता, थांब. किंवा म्हणू शकला असता, कव्हरं घेऊन जा आणि बोल्ट जुनेच लाव. हाफिजच्या डोक्यावर टोपी होती, डोळे सुजले होते, मामूंच्या मातीला जायची घाई होती. भट्टी पेटवायला सांगण्याचं तर त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरात ते कोण सांगेल? त्याने बोल्ट कागदात गुंडाळून दिले. एवढेसे तर बोल्ट, असं तो स्वतःला म्हणाला, हेही त्याला आठवत होतं.

सावळारामने चार बोल्ट आणले होते, तीन लावायचे आणि एक हाताशी असावा म्हणून. चौथा बोल्ट टाकीच्या तळाशी राहून गेला होता. अपघाताची बातमी आली त्या दिवशी हाफिजने तो शोधून काढला, लोखंडी पट्टीत घालून नट करकचून आवळला, शिकंज्यात ठेवला आणि कुलूप लावून घरी गेला. सकाळी कुलूप काढलं तर बोल्टचं डोकं जमिनीवर पडलेलं होतं. शेडमध्ये मांजरसुद्धा आलं नव्हतं.

तेव्हापासून त्याने पोलाद घेणं बंद केलं. पातेली, सायकलींची हँडलं, देवळांतल्या प्रभावळी, मोटारींचे पत्रे एवढ्यावर त्याचं चालत होतं. पण शेक द्यायची सवय त्याला इतकी जडली की ज्या मालाला शेकाची काही गरज नाही तोही तो भट्टीत नेऊन ठेवायचा. फुरकान त्याला हसायचा.

"पितळेच्या नळीला कशाला रं शेक? नानकटाई हाय का ती?" या वेळीही ट्रे आत सारताना त्याने विचारलं.

"असू दे," हाफिज म्हणाला.

"तुज्या डोस्क्यालाच शेक पायजे जरा."

हाफिज भट्टीच्या दाराशी पोत्यावर बसून राहिला. तापलेला धातू निवताना मधूनच टिक् असा आवाज करतो. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला तो ऐकूही येत नाही. हाफिज तो पंधरा वर्षं मोजत आला होता. आदल्या दिवशी टॅपेट कव्हर पाण्यातून काढून धुतलं, तेव्हा त्यात त्याचं तोंड उमटलं होतं, लांबट, आणि मान एका बाजूला कललेली. त्याने मान सरळ केली. कव्हरमधली मान सरळ व्हायला जरा वेळ लागला. साठीला आलेल्या माणसाचे डोळे आहेत, असं त्याने मनाला समजावलं, पण कव्हर फडक्यात गुंडाळून पालथं ठेवलं.

अमावास्येला सकाळी गोरख टेम्पो घेऊन आला. हाफिजने एकेक वस्तू फडक्यातून काढून त्याच्यासमोर मांडली. शेडमध्ये उन्हाची तिरीप येत होती आणि सगळं टेबल चमकून उठलं. गोरखने एअर क्लीनरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, त्यात स्वतःला पाहिलं आणि लाजून खाली ठेवलं. मग ठरलेले पैसे काढून पुढे केले.

हाफिजने हात पुढे केला नाही.

"ह्या गाडीचं क्रोम तवा म्याच केलं व्हतं," तो म्हणाला. "तुज्या बापानं आनलं व्हतं सामान. बोल्ट बी म्याच केले."

एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता आलं नाही. पाणी, वायू, शेक, मामूंची मयत, बंद भट्टी, शिकंज्यातला चौथा बोल्ट. तो टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. गोरख मेकॅनिक होता. त्याला काही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बोलणं संपल्यावर त्याने खाली बसून सगळा माल एकेक करून फडक्यात गुंडाळला आणि पोत्यात भरला. वरून सुतळी बांधली.

"म्हनून नवे बोल्ट घेतले न्हाईत," तो म्हणाला.

"व्हय."

"आन् परवा इचारलं, तर म्हनलात लोखंड तुटतं कदी कदी."

पोराने उचलून दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हाफिजला वाटत होतं. गोरखने पैसे टेबलावर ठेवले आणि त्यावर बफला लावायच्या साबणाची वडी ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

"काम केलंय, पैसे घ्या. पन हे मला सांगून काय उपेग? म्या कुठं त्यांना दारूडा म्हनत व्हतो?" त्याने पोतं खांद्यावर टाकलं. "टेम्पोत बसा. आईला सांगायचं."

नसरापूरहून आत वळल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेला होता. खड्डा आला की मागे पोतं वाजायचं, आणि गोरख दर वेळी टेम्पो आणखी हळू करायचा. गोरखचं गाव जवळ आलं तशी घराघरांच्या छपरांवर कावळ्यांची झुंबड दिसायला लागली. सर्वपित्री होती. ज्यांचं ज्यांचं राहिलं असेल, त्यांचं आज करायचं.

टेम्पो आंब्याखाली उभा करून गोरख तिथेच थांबला. हाफिज एकटाच अंगणात गेला. साळूबाई पडवीच्या पत्र्यावर वाढलेली पानं ठेवून हात धूत होती. पंचेचाळिशीची असेल, पण केस सगळे पिकले होते. अनोळखी म्हातारा माणूस पाहून तिने पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कोन म्हनायचं?"

"भोरचा हाफिज. पॉलिशवाला."

"बसा. सासू-सासऱ्यांचं हाय आज. आत्ताच कावळा शिवला."

हाफिजची नजर पत्र्याकडे गेली. पानं दोनच होती.

तो बसला नाही. उभ्यानेच बोलला, आणि या वेळी तिच्या तोंडाकडे बघून बोलला. साळूबाई पडवीच्या मेढीला टेकून ऐकत होती. मधे तिने एकदाच आंब्याखाली उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं.

"म्हंजी ते प्याले नव्हते?"

"ते मला ठावं न्हाई, वहिनी. खोटं कशाला बोलू? पन गाडी त्यांच्या हातानं गेली न्हाई. माझ्या हातानं गेली."

पत्र्यावर कावळे पानं ओढत होते. साळूबाईने पुन्हा आंब्याकडे पाहिलं. गोरख टेम्पोच्या चाकावर उगीच पाय मारत होता, चांगला धडधाकट, बापाच्या उंचीचा.

"पोर जगलं की माझं," ती स्वतःशीच म्हणाली. "शपथ मोडली असती तर जगलं असतं व्हय? एवढं सुदिक मला कळलं न्हाई." मग तिने हाफिजला विचारलं, "भट्टी बंद का व्हती म्हनलात?"

"मयत झाली व्हती. आमचे मामू."

"म्हनून चूल पेटवली न्हाई."

"तीन दिवस पेटवत न्हाईत आमच्यात."

"मेलेल्या मानसाचा मान राखला तुमी." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खाली बसली, अगदी हळू, मेढीला धरून. "आन् म्या ह्यांच्यासाठी येकदाबी पेटवली न्हाई. दर साली सासू-सासऱ्यांचा म्हाळ घालती, ह्यांच्या नावाचं पान वाढत न्हाई. भावकीनं सांगितलं, गुरवानं सांगितलं. म्या म्हनलं, ज्यानं लेकराच्या डोक्यावरची शपथ मोडली त्याला माझ्या दारात घास न्हाई. पंधरा वर्सं म्या त्यांना उपाशी ठिवलं."

हाफिजला वाटलं होतं, ती शिव्या देईल, रडेल, निदान हाकलून तरी देईल. त्याने वाटेत त्या सगळ्याची तयारी केली होती. आपल्या छातीवरचा दगड उतरवून आपण तो दुसऱ्याच्या छातीवर ठेवतो आहोत, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो तिथे उभा राहिला आणि त्याला कळेना की आता माफी नेमकी कशाची मागायची.

साळूबाई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली ती हातात पाट आणि केळीचं पान घेऊन. पडवी तिने ओल्या फडक्याने पुसली, पाट मांडला, पान मांडलं.

"बसा."

"वहिनी, मी..."

"पत्र्यावर आता कावळा येईल न येईल, त्यांची पोटं भरली. ज्याच्या नावाचं पान, त्याच्या जागी कुनाला तरी बसावं लागतं. तुमी बसा."

कुणाच्या नावाचं जेवण, आणि त्याला बसणारे आपण कोण, हे हाफिजच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. पण त्या बाईला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि पाटावर बसला.

"गोरख," साळूबाईने अंगणाकडे न बघता हाक मारली, "त्यांच्या हातावर पानी घाल."

गोरख जागचा हललाच नाही. आपल्यालाच हाक मारली, हे त्याला आधी खरं वाटलं नसावं. मग तो धावत आला, तांब्या उचलला आणि हाफिजच्या हातावर पाणी घालू लागला. तीन वर्षांत आईने त्याला सांगितलेलं हे पहिलं काम होतं. पाणी निम्मं हातावर पडलं, निम्मं बाहेर.

तिने वाढायला घेतलं. भात, कढी, गवार-भोपळा, अळूचं फदफदं, वडे, खीर. हाफिजने मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला घास घेतला. कढीचा घोट घेऊन त्याने तो उतरवला. गोरख मेढीपाशी उकिडवा बसून बघत होता. पानावरचं संपत आलं की साळूबाई आतून आणून पुन्हा वाढत होती, पहिल्याइतकंच. आधी हाफिजला वाटलं, रीत असेल. दुसऱ्यांदा पान भरलं तेव्हा त्याला घाम फुटला. त्याने वडे संपवले, भात संपवला, आणि पाटावर कोण जेवतंय हे स्वतःलाच कळू नये तसा खाली मान घालून खात राहिला.

तिने तिसऱ्यांदा खीर आणली. हाफिजने पानावर हात आडवा धरला.

"बास, वहिनी. आता जात न्हाई."

साळूबाईने पदर पुढे ओढून घेतला. पातेलं तिने खाली ठेवलं नाही. ती हाफिजच्या तोंडाकडे बघतच नव्हती.

"अवो, घ्या," ती म्हणाली. "पंधरा वर्सांचं हाय."

हाफिजने हात बाजूला घेतला.